आबा २००८ नंतर परत गृहमंत्री झालेच नाहीत?

तासगावात काय अन् सांगलीत काय, एक गोष्ट अजून छातीठोकपणे सांगतात की २६/११ च्या मुंबई हल्ल्यानंतर आर. आर. आबांनी (आर. आर. पाटील, तेव्हाचे राज्याचे उपमुख्यमंत्री अन् गृहमंत्री) राजीनामा दिला आणि तिथंच त्यांचं मंत्रीपद संपलं. अर्धं खरंय. १ डिसेंबर २००८ ला राजीनामा दिला हे बरोबर, हल्ल्याबद्दल बोललेलं ते 'मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होतच असतात' अशा अर्थाचं हिंदी वाक्य अंगाशी आलं होतं, उपमुख्यमंत्रीपद गेलं आणि गृह खातं गेलं ते पण आपल्याच जिल्ह्यात, इस्लामपूरच्या जयंत पाटलांकडं! पण २००९ ची विधानसभा झाली, आबा तासगाव-कवठेमहांकाळमधनं निवडून आले आणि नोव्हेंबरात गृह खातं परत त्यांच्याकडंच, ते पार २०१४ पर्यंत. उपमुख्यमंत्रीपद मात्र पुन्हा मिळालं नाही, बहुतेक त्यामुळंच लोकांचा घोळ होत असावा. अहो, नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात कसाबला फाशी झाली तेव्हा गृहमंत्री कोण होतं? आबाच की! टीव्हीवर सगळ्यांनी बघितलंय, तरी विसरतात. आणि २०१४ ला सत्ता गेली तरी आमदारकी राखलीच, १९९० पासनं एकदाही पडले नाहीत. फेब्रुवारी २०१५ मध्ये गेले तेव्हाही आमदारच होते.