स्टार मालाचे की विकणाऱ्याचे?

कुकरची रिंग मागवली होती, नेहमीच्याच कंपनीची. साइटवर ४.३ स्टार, खाली रिव्ह्यूंची रांग. घोडबंदर रोडवरून ठाण्यात बाजाराला जायचं म्हणजे अर्धा दिवस ट्रॅफिकला वाहायचा, म्हणून घरबसल्या घेतली. पंधरा दिवसांत शिट्टी बंद, वाफ झाकणाच्या कडेने. शेवटी जांभळी नाका गाठलाच. भांड्यांच्या दुकानातल्या काकांनी रिंग दोन बोटांत ताणली, नाकाजवळ नेली आणि छापलेल्या नावावर नख फिरवलं. दोन अक्षरं निघून आली. "ताई, डुप्लिकेट आहे ही."

मग ते ४.३ स्टार खोटे होते? तसंच काही नाही. ते त्या कंपनीच्या रिंगचे होते. मला रिंग दिली भलत्याच कुणीतरी.

बऱ्याच मोठ्या साइटवर एका वस्तूचं एकच पान असतं आणि त्या पानावरून अनेक विक्रेते माल विकतात. किंमत, साठा, किती लवकर पोचेल यावरून आज एकाचं नाव पुढे असतं, उद्या दुसऱ्याचं. रिव्ह्यू मात्र सगळे एकाच ढिगात. लिहिणाऱ्याने कुणाकडून घेतलं, हे तिथे सहसा दिसत नाही. त्यात आतल्या झाकणाची, बाहेरच्या झाकणाची, तीन लिटरची, पाच लिटरची अशा सगळ्या रिंगांचे रिव्ह्यूही पुष्कळदा एकत्रच. तुमच्या मापाबद्दल कोण बोलतंय ते आपणच हुडकायचं.

विकणाऱ्याचे स्टार वेगळे. त्याच्या नावावर टिचकी मारली की दिसतात. पण मारतो कोण? मीही मारली नव्हती. ते सांगतात माल वेळेवर आला का, पॅकिंग कसं होतं, परत घेताना खळखळ केली का. रबर किती टिकेल हे तिथे कळायचं नाही. पण माल खरा की नकली याचा वास लागला तर तिथेच लागतो.

लोकांनी तर या दोन्हींची खिचडीच केली आहे. 'वस्तू छान, खोका फाटका' म्हणून मालाला एक स्टार. किंवा 'आजच आला, अजून उघडला नाही, पॅकिंग मस्त' म्हणून पाच! रेनकोटचे रिव्ह्यू वाचा कधी. मे महिन्यात घडी उलगडून रंगाचं कौतुक केलेलं असतं. जुलैत स्कूटरवरून घोडबंदर ते स्टेशन भिजत गेलेला माणूस पुन्हा लिहायला येतोच असं नाही.

'व्हेरिफाइड' शिक्क्याचाही अर्थ एवढाच की खरेदी झाली होती. खोक्यात 'पाच स्टार द्या, कॅशबॅक घ्या' अशी चिठ्ठी निघते ना, ती वाचून लिहिलेला रिव्ह्यूही व्हेरिफाइडच.

विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकू नये, असं २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. २०२२मध्ये भारतीय मानक ब्युरोने रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानकही आणलं, पण ऐच्छिक. त्याच वर्षी सक्तीच्या मानकात न बसणारे प्रेशर कुकर आपल्या मंचावर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दोन मोठ्या साइटना प्रत्येकी १ लाख रुपये दंड ठोठावला. अशा कुकरलाही स्टार मिळू शकतात. भात शिजला की माणूस खूश असतो, आयएसआयचं चिन्ह शोधत कोण बसतं?

दुकानात हा घोळ होत नाही, कारण माल आणि माणूस एकाच काउंटरवर भेटतात. काकांनी नवी रिंग झाकणात बसवून दाखवली आणि म्हणाले, "वाफ गेली तर घेऊन या."

घरी येऊन मी रागारागात एक स्टार ठोकला, दोन ओळीही लिहिल्या. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तो कंपनीच्या रिंगच्या पानावर. विकणाऱ्याला द्यायचा राहूनच गेला.