लोकरी फेल्ट आणि कृत्रिम फेल्ट: खिलारी बैलाचे मस्तक शिवताना कोणते घ्यावे

हाताने शिवून भिंतीवर लावायचे जनावराचे मस्तक करायचे ठरले की नमुना, सुई, दोरा या सगळ्यांच्या आधी कापडाचा प्रश्न येतो, आणि नेमकी तिथेच गफलत होते. फेल्ट या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या जातींचे कापड विकले जाते. बेळगाव, निपाणी किंवा चिकोडीत शाळेच्या प्रकल्पांचे सामान ठेवणाऱ्या दुकानांत रंगीबेरंगी चौकोनी तुकड्यांच्या रूपात जे मिळते ते जवळजवळ नेहमीच पॉलिएस्टरचे किंवा ॲक्रिलिकचे असते. लोकरीचे फेल्ट बहुधा मागवून घ्यावे लागते आणि ते बरेच महाग पडते. दोन्ही लांबून सारखी दिसतात, दोन्हींच्या कापलेल्या कडेचे दोरे निघत नाहीत, आणि सपाट फूल किंवा अक्षर करायचे असेल तर फरक जाणवतही नाही. मात्र त्याच कापडात भरण कोंबून गाल, कपाळ आणि मान उभी करायची म्हटली की दोन्हींची वागणूक पूर्ण वेगळी होते. आपल्या सीमाभागात असे मस्तक करायचे तर खिलारी बैलाचे करावेसे वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून पुढचे सारे विवेचन त्याच बैलाला धरून केले आहे.

फरकाचे मूळ दोन्ही कापडे कशी बनतात यात आहे. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर अतिसूक्ष्म खवले असतात. लोकर गरम, साबणाच्या पाण्याने भिजवून दाबत आणि चोळत राहिले की हे खवले एकमेकांत अडकतात, तंतू आक्रसत जातात आणि ताणा-बाणा नसलेले, तरीही घट्ट असे कापड तयार होते. कृत्रिम तंतूंना असे खवले नसतात. त्यामुळे ते पाण्याने आणि चोळण्याने एकजीव होत नाहीत. त्यांचा थर पसरून त्यात कंगोरेदार सुया यंत्राने हजारो वेळा वरखाली घालतात, त्या सुया तंतूंना खाली-वर ओढून एकमेकांत गुंतवतात, आणि काही प्रकारांत कडकपणासाठी वरून रासायनिक खळ देतात. लोकरी फेल्टमधली पकड तंतूच्या अंगच्या गुणातून आलेली असते, तर कृत्रिम फेल्टमधली पकड केवळ गुंत्याची असते. गुंता ताणला की सैल होतो, ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढच्या बहुतेक अडचणींचा उलगडा आपोआप होतो.

दुकानात ओळखण्यासाठी तुकडा उजेडासमोर धरून पाहावा. हलक्या कृत्रिम फेल्टमध्ये कुठे दाट, कुठे विरळ असे डाग दिसतात आणि पृष्ठभागावर किंचित चकाकी असते. अंगठ्याने जोरात घासले तर त्यावर लगेच बोंदरे, म्हणजे तंतूंच्या बारीक गोळ्या, उठतात. दोन्ही हातांनी ओढून सोडले तर लोकरी तुकडा बराचसा पूर्ववत होतो, कृत्रिम तुकडा मात्र लांबलेलाच राहतो. पक्की खात्री घरीच होते. एखादे कात्रण चिमट्यात धरून, पाण्याचे भांडे जवळ ठेवून पेटवावे. लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत दूर केली की विझते आणि तिची राख बोटांनी चुरडता येते. पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिक वितळते आणि थंड झाल्यावर त्याची टणक गोळी उरते, जी गरम असताना बोटाला लागली तर भाजते. लोकर आणि दुसऱ्या तंतूंची भेसळ असल्याची शंका असेल तर फरशी पुसण्याच्या क्लोरीनयुक्त ब्लीचमध्ये एक तुकडा झाकून ठेवावा. लोकर काही तासांत विरघळून जाते आणि शिल्लक राहते ती भेसळ.

आता प्रत्यक्ष मस्तकाकडे येऊ. खिलारी बैलाचे डोके लांब आणि अरुंद असते, कपाळ किंचित फुगीर असते आणि त्याच्या मध्यावरून नाकाकडे उतरणारी उथळ पन्हळ असते. शिंगे मुळाशी जाड आणि जवळजवळ असतात, आधी मागे जातात आणि मग डौलदार बाक घेऊन वर चढतात. कान लहान आणि टोकदार असतात. हे रूप साधायचे तर दोन बाजूंचे दोन तुकडे, नाकापासून टाळूपर्यंत जाणारी एक कपाळपट्टी, हनुवटीखालून गळ्यापर्यंतची दुसरी पट्टी आणि मानेचा तळ एवढे भाग लागतात. बाजूचा तुकडा सरळ कडेचा नसतो, त्याला नाकपुडीशी, गालाशी आणि डोळ्याच्या वर असे तीन बाक असतात. कपाळपट्टीची कड त्यापेक्षा सरळ असते. बाकदार कड सरळ कडेला जोडताना कापड थोडे दबले पाहिजे, थोडे पसरले पाहिजे आणि तसेच राहिलेही पाहिजे. लोकरी फेल्ट हे काम विनातक्रार करते. जोडणीनंतर वाफ देऊन बोटांनी गाल दाबला, कपाळ उचलले, तर थंड आणि कोरडे झाल्यावर तो आकार कायम राहतो. लोकरी फेल्टच्या टोप्या साच्यावर वाफेने घडवतात, तो हाच गुण. कृत्रिम फेल्टला वाफेने असा आकार घेता येत नाही आणि इस्त्री जरा जास्त तापली तर ते आक्रसते किंवा चकाकते.

कापताना आणखी एक काळजी घ्यावी लागते, जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. फेल्टला उभी-आडवी वीण नसते, म्हणून नमुना कसाही फिरवून कापला तरी चालते असे सर्रास सांगितले जाते. चांगल्या लोकरी फेल्टच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे. सुयांनी गुंतवलेले कृत्रिम फेल्ट मात्र अनेकदा एका दिशेने अधिक ताणले जाते. डावा गाल उभा आणि उजवा गाल आडवा कापला गेला तर भरण घातल्यावर एक बाजू लांबते आणि बैलाची मान वळल्यासारखी दिसू लागते. त्यामुळे कृत्रिम फेल्ट वापरायचे असेल तर आधी ते दोन्ही दिशांनी ओढून पाहावे, जास्त ताणाची दिशा खडूच्या बाणाने दाखवावी आणि दोन्ही बाजूंचे तुकडे त्या बाणाला धरूनच कापावेत.

शिवणीचा फरक याहून मोठा आहे. मस्तकाच्या कडा बाहेरून दिसाव्यात अशा काजटाक्याने, म्हणजे प्रत्येक वेळी दोरा कडेवर अडकवत जाणाऱ्या टाक्याने, शिवतात, त्यासाठी सहा पदरी भरतकामाच्या धाग्यातले दोन पदर पुरतात. लोकरी फेल्टवर कडेपासून 3 मिलिमीटर आत टाका घेतला तरी तो फाटत नाही, कारण दोऱ्याभोवतीचे तंतू दोऱ्याला धरून ठेवतात. कृत्रिम फेल्टवर तोच टाका 5 मिलिमीटर आत घ्यावा आणि दोन टाक्यांतले अंतर कमी ठेवावे. तरीही गालाशी आणि गळ्याशी, जिथे भरणाचा दाब सर्वांत जास्त असतो, तिथे सुईची भोके रुंदावतात आणि आतला पांढरा कापूस डोकावू लागतो. दोरा आवळला की तो कापडातून आरपार कापत जातो. कपाळावरची पन्हळ काढताना ही उणीव सर्वांत ठळकपणे दिसते. त्या पन्हळीसाठी दाभणात बटण लावण्याचा जाड दोरा ओवून हनुवटीखालून घालतात, भरणातून वर कपाळावर काढतात, तिथे लहानसा टाका घेऊन परत खाली नेतात आणि ओढून गाठ मारतात. असे चार-पाच टाके एका रेषेत घेतले की खिलाराचे कपाळ एकदम ओळखीचे होते. लोकरी फेल्टमध्ये हा टाका रुतून बसतो आणि दिसेनासा होतो. कृत्रिम फेल्टमध्ये त्या जागी चुण्या पडतात, आणि जोर थोडा अधिक झाला तर फाट पडते.

शिंगांबाबतही माझे मत लोकरीच्याच बाजूचे आहे. शिंगाचा निमुळता तुकडा लांबीत दुमडून शिवताना शिवण बाकाच्या आतल्या बाजूला ठेवावी आणि प्रत्येक दोन-तीन टाक्यांनंतर दोरा किंचित ओढावा, म्हणजे शिंग शिवत असतानाच वळू लागते. आत तार घालायची असेल तर तिचे टोक दुमडून कापडाच्या पट्टीने गुंडाळावे, नाहीतर ते काही महिन्यांत फेल्टमधून बाहेर येते. कृत्रिम फेल्टचे शिंग वळवण्यासाठी दोरा ओढला तर आतल्या बाजूला बारीक सुरकुत्या येतात आणि शिंग गुळगुळीत दिसत नाही. अशा वेळी तारेवरच भिस्त ठेवावी लागते.

तरीही लोकरी फेल्ट मिळालेच नाही म्हणून काम सोडून द्यायचे कारण नाही. कृत्रिम फेल्टच्या आतून मांजरपाटाचे अस्तर लावावे. तेच तुकडे अस्तरातून कापून कच्च्या टाक्यांनी फेल्टला जोडावेत आणि मग दोन्ही थर मिळून एकच कापड समजून काजटाका घ्यावा. ताण अस्तर घेते आणि फेल्ट केवळ रूप देते. शिंपी वापरतात ते चिकटणारे पेस्टिंगही चालते, फक्त इस्त्री कमी तापलेली आणि मध्ये सुती फडके ठेवलेले असावे. असे केलेले मस्तक लोकरी फेल्टइतके भरीव दिसत नाही, पण टिकते. साजाच्या बाबतीत तर कृत्रिम फेल्ट अधिक सोयीचे म्हणावे लागेल. कारहुणवीला, म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमेच्या आपल्याकडच्या बेंदराला, बैलाच्या अंगावर चढणारे बाशिंग, म्होरकीवरची नक्षी, गळ्यातल्या पट्ट्याचे ठिपके यांसाठी भडक आणि अनेक रंग लागतात. त्यांच्यावर ताण येत नाही, आणि कृत्रिम फेल्टमध्ये असे रंग सहज व स्वस्तात मिळतात. चेहरा लोकरीचा आणि साज कृत्रिम, ही वाटणी मला सर्वांत योग्य वाटते.

या दोन्हींच्या जोडीला आपल्या भागात तिसऱ्या एका वस्तूचे नाव निघते, ते घोंगडीचे. घोंगडी लोकरीची असली तरी फेल्ट नव्हे. ती मागावर विणलेली असते, तिच्या ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते आणि कापली की तिची कड उसवते. तिच्यापासून मस्तक करायचे तर कड आत दुमडून शिवावी लागते. मेंढीच्या कच्च्या लोकरीपासून घरी फेल्ट करण्याचा विचारही मनात येतो. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असल्यामुळे ती एकजीव व्हायला वेळ घेते आणि तयार कापड खरखरीत राहते. खिलाराच्या पांढऱ्या, नितळ चेहऱ्याला ते शोभत नाही. पण खानापूरच्या जंगलात, भीमगडच्या अभयारण्याच्या परिसरात फिरणाऱ्या गव्याचे काळपट, दणकट मस्तक करायचे असेल तर त्या लोकरीचा राठपणाच उपयोगी पडतो. घरी जुना, शंभर टक्के लोकरीचा स्वेटर असेल तर तो गरम पाण्यात साबण घालून चोळत धुवावा. तो आटून दाट होतो आणि कापल्यावर उसवत नाही. त्यात ॲक्रिलिकची भेसळ असेल तर मात्र तो नीट आटणार नाही.

एका बाबतीत लोकरी फेल्ट निर्विवाद मागे पडते, ती म्हणजे कसर. कापडाला लागणाऱ्या कसरीच्या अळ्या लोकर खातात, पॉलिएस्टर आणि ॲक्रिलिक खात नाहीत. डांबरगोळ्या बंद कपाटात काम करतात, उघड्या भिंतीवर लावलेल्या मस्तकाला त्यांचा उपयोग नाही. त्याला महिन्यातून एकदा मऊ ब्रशने कानामागे, शिंगांच्या मुळाशी आणि गळ्याखाली झाडून घ्यावे, कारण अळ्या अशाच न हललेल्या, अंधाऱ्या जागी राहतात. आधीच कीड दिसली तर मस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवावे. उन्हात ठेवण्याचा उपाय जपून करावा, कारण कडक उन्हाने गडद रंग उतरतात आणि पांढरी लोकर पिवळी पडते.

दमटपणाचा त्रास मात्र दोन्हींना सारखाच आहे. बेळगाव-खानापूरकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते, विशेषतः पश्चिमेच्या भिंतींना. साधा कापूस ती ओल शोषून गोळा होतो आणि त्याला वास येऊ लागतो. म्हणून भरणासाठी पॉलिएस्टरचा कापूस घ्यावा. तो छोट्या छोट्या पुंजक्यांनी आधी नाकपुडीत, मग गालांत आणि शेवटी मानेत काठीने दाबून भरावा. मानेच्या तळाला पुठ्ठ्याऐवजी पातळ प्लायवूडची लंबगोल चकती लावावी, कारण पुठ्ठा ओलीने वाकतो आणि मस्तक पुढे झुकते. चकतीच्या मागे वरच्या तिसऱ्या भागात कडी बसवावी आणि खालच्या कडेला लाकडाचे दोन लहान तुकडे चिकटवावेत, म्हणजे मस्तक आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर जागा राहते आणि वारा खेळतो.