लिंबू पिवळे पडतेय? खत घालण्याआधी पान पाहा

लिंबाची पाने पिवळी दिसली की बहुतेक जण आमच्याकडे झिंक नाहीतर युरिया मागतात. ते नेण्याआधी एक जुने पान तोडा आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, अगदी समोरासमोर, पेनाने दोन वर्तुळे काढा. दोन्हींत पिवळेपणा सारखाच असेल तर बहुधा अन्नद्रव्य कमी पडले आहे. एकात पिवळा डाग आणि दुसऱ्यात हिरवे असेल तर ग्रीनिंगचा, म्हणजे लिंबूवर्गीय झाडांना जिवाणूमुळे होणाऱ्या रोगाचा, संशय घ्या. अशा झाडाची फळे लहान आणि वाकडी राहतात, बिया पोचट निघतात. मोसंबी तर देठाकडे पिवळी होते आणि बुडाला हिरवीच राहते.

हा जिवाणू पानातले अन्न खाली नेणाऱ्या नळ्यांत वाढतो आणि मुळांपर्यंत पोचतो. म्हणून पिवळी फांदी छाटून रोग जात नाही. उलट छाटणीनंतर कोवळी पालवी फुटते आणि रोग पसरवणारा सिल्ला किडा तिच्यावरच येतो.

सिल्ला जेमतेम 3-4 मिलिमीटरचा, करडा-तपकिरी. डोके खाली, शेपटाकडची बाजू वर, असा तिरका बसतो. अंडी फक्त कोवळ्या पालवीत घालतो. पिल्लांच्या अंगातून पांढरे मेणचट धागे निघतात. त्यांच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि किड्याचे शत्रू हुसकावतात. पालवीवर मुंग्यांची रांग दिसली तर आत जरूर पाहा. परसातला कढीपत्ता आणि कुंपणाची कामिनीही तपासा, दोन्हींवर हाच किडा वाढतो.

जोराच्या पावसात अंडी-पिल्ले धुऊन जातात. पाऊस ओसरल्यावर फुटणारी पालवी मात्र सांभाळावी लागते. पालवी बोटाच्या पेराएवढी झाली की 1 लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंब तेल आणि 1 मिली साबणद्रव मिसळून संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा, 10 दिवसांनी पुन्हा. तेल आधी साबणद्रवात घोटून घ्या, नाहीतर ते वर तरंगते आणि पाने भाजतात. फुलांवर फवारू नका, मधमाश्या असतात.

ग्रीनिंगवर औषध नाही. संशय असेल तर पाने विभागीय कृषी कार्यालयात दाखवा. रोग पक्का ठरला तर आधी फवारणी करा, मग झाड तोडा. आधी तोडलेत तर किडे उडून शेजारच्या कुळागरात (बागेत) जातील. बुंधा मुळासकट काढा, कारण राहिलेल्या मुळातून येणारा फुटवाही रोगीच असतो. अशा झाडाची गुटी (फांदीवरच मुळे फोडून केलेले कलम) कुणालाही देऊ नका. जिवाणू मातीत टिकत नाही, त्यामुळे त्याच खड्ड्यात नवे कलम लावता येते, फक्त ते जाळीघरात वाढवलेले घ्या.