कॅस्टर : एका ठिपक्यातले सहा तारे

पुनर्वसू हा शब्द संस्कृतात मुळात द्विवचनी आहे. मृगाच्या ईशान्येला, मिथुन राशीत, एकमेकांपासून साडेचार अंशांवर दोन ठसठशीत तारे दिसतात. त्या दोघांचे मिळून हे एक नाव. ग्रीकांनी त्याच दोघांना जुळे भाऊ ठरवले आणि कॅस्टर व पोलक्स अशी नावे दिली. पाहणाऱ्यांना तिथे जोडी दिसली खरी, पण ती जोडी खोटी निघाली. पोलक्स आपल्यापासून सुमारे ३४ प्रकाशवर्षांवर आहे, तर कॅस्टर सुमारे ५०. एकाचे दुसऱ्याशी काही देणेघेणे नाही. खरे गणगोत कॅस्टर नावाच्या एका ठिपक्याच्या पोटात आहे. तिथे सहा तारे आहेत आणि ते एकेक करून बाहेर यायला दोनशेहून अधिक वर्षे लागली.

नुसत्या डोळ्यांना कॅस्टर हा १.६ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचे माप, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) पांढरा तारा दिसतो. पोलक्स त्याच्याहून थोडा तेजस्वी आणि नारिंगी छटेचा. तरीही १६०३ साली योहान बायर या जर्मन नकाशाकाराने आपल्या तारानकाशांच्या संग्रहात मिथुनेतले ‘अल्फा’ हे, सहसा सर्वांत तेजस्वी ताऱ्याला मिळणारे अक्षर कॅस्टरलाच दिले, ते आजतागायत तसेच आहे. चांगल्या डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसायला त्यांच्यात साधारण एक कला (अंशाचा साठावा भाग), म्हणजे साठ विकला अंतर लागते. कॅस्टरमधले दोन मुख्य तारे सध्या पाच-साडेपाच विकलांवर आहेत. म्हणजे दुर्बिणीला पर्याय नाही. पण छोटी, साधी दुर्बीणही पुरते.

अशा दुर्बिणीतून १७१८च्या सुमारास जेम्स पाउंड आणि त्यांचा भाचा जेम्स ब्रॅडली यांनी कॅस्टर दुहेरी असल्याची नोंद केली. तेव्हा याचे कुणाला फारसे नवल वाटले नाही. सप्तर्षीतला वसिष्ठ दुर्बिणीतून दुहेरी दिसतो हे १६१७पासून माहीत होते. एक तारा जवळ, दुसरा त्याच रेषेत कितीतरी मागे, असा सरळ अर्थ लावला जाई. दूरचा दिवा आणि जवळचा दिवा एका ओळीत आले की शेजारी वाटतात, तसेच.

या समजुतीला पहिला धक्का दिला तो आकडेमोडीने. १७६७ साली जॉन मिशेल या इंग्रज पाद्र्याने हिशेब मांडला. आकाशात तारे कसेही विखुरले असते, तर इतके तारे एकमेकांना इतके खेटून दिसण्याची शक्यता किती? कृत्तिकांच्या पुंजक्याबद्दल त्याचे उत्तर होते, पाच लाखांत एक. मग जवळ दिसणारे बहुतेक तारे खरोखरच जवळ असले पाहिजेत. दहा वर्षांनी जर्मनीत क्रिश्चियन मायर यांनी तेजस्वी ताऱ्यांना लहान सोबती असल्याचे लिहिले, तेव्हा त्यांची टिंगल झाली. मिशेलचा युक्तिवाद माझ्या मते त्या शतकातल्या सर्वांत देखण्या युक्तिवादांपैकी एक आहे. पण तो शक्यतेचा होता. दोन तारे एकमेकांभोवती फिरताना कुणी पाहिले नव्हते.

विल्यम हर्शेलही ते पाहायला निघाले नव्हते. त्यांना ताऱ्यांचे अंतर मोजायचे होते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे जवळचा तारा दूरच्या ताऱ्याच्या तुलनेत वर्षभरात किंचित सरकलेला दिसला पाहिजे. याला पराशय म्हणतात. एक जवळ आणि एक दूर अशी आयती जोडी मिळाली, तर हे सरकणे टिपणे सोपे जाईल, ही कल्पना गॅलिलिओपासूनची. म्हणून हर्शेलनी १७७९पासून जुळे तारे धुंडाळायला सुरुवात केली आणि १७८२ साली २६९ जोड्यांची यादी छापली. पराशय काही हाती लागला नाही. पंचवीस वर्षांनी जुनी मापे पुन्हा घेतली, तेव्हा भलतेच काही समोर आले. काही जोड्यांमधला एक तारा दुसऱ्याच्या भोवती सरकला होता, आणि वार्षिक पराशयासारखा मागेपुढे न होता एकाच दिशेने. १८०३च्या निबंधात हर्शेलनी कॅस्टरचे उदाहरण सर्वांत तपशिलात मांडले.

पंचवीस वर्षांची मापे त्यांची स्वतःची होती, पण तेवढ्यात फिरलेला कोन लहान. त्याहून जुनी एखादी नोंद हवी होती. ती मिळाली तेव्हाचे इंग्लंडचे राजज्योतिषी, म्हणजे राजनियुक्त खगोलशास्त्रज्ञ, नेव्हिल मॅस्केलिन यांच्या टिपणात, आणि निरीक्षण होते ब्रॅडली यांचे, १७५९चे. १७५९ साली ब्रॅडली हेच राजज्योतिषी होते आणि तेही पराशयाच्याच शोधात होते. कॅस्टरच्या दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा त्यांनी वर्षभर पाहिली आणि नोंदवले, की बदल काही नाही. ही रेषा वर्षाच्या सर्व काळात कॅस्टर-पोलक्स यांना जोडणाऱ्या, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या रेषेला समांतर असते.

हे निरीक्षण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. त्यात कोन मोजण्याचे कुठलेही उपकरण नाही. एका डोळ्याने दुर्बिणीतली बारीक जोडी पाहायची, दुसऱ्याने बाहेर आकाशातली मोठी जोडी, आणि दोन रेषा जुळतात का ते ताडायचे. तरीही चौरेचाळीस वर्षांनी त्यातून नेमका कोन काढता आला, कारण कॅस्टर-पोलक्स ही मोठी रेषा जागची हललेली नव्हती. हर्शेलनी पाहिले तर दुर्बिणीतली जोडी त्या रेषेपासून चांगलीच वळलेली होती. ४३ वर्षे १४२ दिवसांत ४५ अंश ३९ कला. ‘बदल नाही’ म्हणून लिहून ठेवलेली ओळ बदलाचा पुरावा ठरली. आणि जी खोटी जोडी म्हणून आपण बाजूला सारली, ती खऱ्या जोडीसाठी मोजपट्टी म्हणून कामी आली!

हर्शेल घाईने निष्कर्षाला गेले नाहीत. सूर्याच्या गतीमुळे असे दिसेल का, दोनपैकी एकाच ताऱ्याच्या गतीमुळे दिसेल का, हे त्यांनी एकेक करून तपासले आणि खोडून काढले. उरले ते एकच, की दोन्ही तारे परस्परांच्या आकर्षणाने बांधलेले आहेत. एका फेऱ्याला त्यांनी ३४२ वर्षे धरली. हिशेब साधा त्रैराशिकाचा होता, गती एकसारखी आहे असे मानून केलेला, आणि तिथेच तो चुकला. कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने तारे कधी भरभर तर कधी रेंगाळत जातात. पुढच्या शतकभर गणिती या कक्षेशी झटत राहिले आणि उत्तरे अडीचशे वर्षांपासून हजार वर्षांपर्यंत काहीही येत राहिली. दोष त्यांचा नव्हता. छोट्या कमानीवरून अख्खे लंबवर्तुळ काढायला गेले की असेच व्हायचे. पहिली समाधानकारक कक्षा निघाली ती दुसऱ्याच जोडीची. १८२७ साली फेलिक्स साव्हारी यांनी सप्तर्षी तारकासमूहातल्या, सुमारे साठ वर्षांत फेरा पुरा करणाऱ्या एका जोडीला न्यूटनचा नियम लावून दाखवला. कॅस्टरचा आजचा आकडा ४५९ वर्षांच्या आसपास आहे. १९६०च्या दशकात हे दोन तारे दोन विकलांपेक्षाही जवळ दिसत होते आणि लहान दुर्बिणींची त्यांना वेगळे करताना दमछाक होई. तेव्हापासून ते लांब जात आहेत.

इथवर दोन तारे झाले. पुढचे दोन कुठल्याही दुर्बिणीत दिसले नाहीत, ते वर्णपटात, म्हणजे प्रकाश रंगांत फाकवून मिळणाऱ्या पट्ट्यात, सापडले. तारा आपल्याकडे येऊ लागला की त्याच्या वर्णपटातल्या रेषा निळ्याकडे सरकतात, दूर जाऊ लागला की तांबड्याकडे. (डॉप्लर यांनी १८४२ साली हा परिणाम मांडला तो जुळ्या ताऱ्यांच्या रंगांवरच्या निबंधात, हे सहसा सांगितले जात नाही.) १८९६ साली रशियातल्या पुल्कोवो वेधशाळेत बेलोपोल्स्की यांना कॅस्टरच्या एका ताऱ्याच्या रेषा ठरावीक तालात पुढेमागे होताना दिसल्या, २.९ दिवसांचा ताल. काही वर्षांनी लिक वेधशाळेत हेबर कर्टिस यांना दुसऱ्या ताऱ्यात ९.२ दिवसांचा ताल मिळाला. दोन्ही तारे कुणाच्या तरी ओढीने डोलत होते. ते सोबती इतके मंद, की त्यांच्या स्वतःच्या रेषा मुख्य ताऱ्याच्या झगझगाटात बुडून जात.

उरलेले दोघे जरा लांब राहतात. कॅस्टरपासून ७० विकलांवर नवव्या प्रतीचा एक तांबूस ठिपका आहे, कॅस्टर-सी. (दोन मुख्य तारे आपापल्या सोबत्यांसह ए आणि बी.) तो आकाशातून कॅस्टरच्या सोबतीनेच सरकतो, म्हणून घरचाच मानला गेला. १९२०च्या दशकात तोही दुहेरी असल्याचे कळले, आणि वर पिधानकारी. दोन जवळजवळ सारखे लाल बटुतारे (सूर्याहून लहान, थंड आणि मंद तारे) साडेएकोणीस तासांत एकमेकांभोवती फिरतात आणि दर फेऱ्याला आळीपाळीने एकमेकांना झाकतात. दोघांमधले अंतर २७ लाख किलोमीटर, पृथ्वी-चंद्र अंतराच्या जेमतेम सातपट. पिधानामुळे ताऱ्यांचे वस्तुमान आणि त्रिज्या थेट काढता येतात. लाल बटुताऱ्यांच्या बाबतीत अशी संधी क्वचित मिळते, म्हणून खगोलशास्त्रज्ञांना कधीकधी कॅस्टरपेक्षा त्याच्या या मंद नातेवाइकात जास्त रस असतो.

सहा तारे एकत्र राहायचे तर रचना जोड्यांच्या जोड्यांची लागते. सगळे सारख्याच अंतरावर घोटाळू लागले तर एखादा केव्हाच बाहेर फेकला गेला असता. इथे आतल्या जोड्यांना काही तास किंवा दिवस लागतात. ए आणि बी या दोन जोड्या सरासरी शंभर खगोलीय एककांवरून (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) एकमेकींभोवती ४५९ वर्षांत फिरतात. आणि सी त्या सगळ्यांना हजारभर एककांवरून वळसा घालते, त्याला चौदा हजार वर्षे तरी लागत असावीत.

ए आणि बीच्या मंद सोबत्यांची ओढ वर्णपटात दिसली होती, पण त्यांचे स्वतःचे किरण आधी क्ष-किरणांत जाणवले. पांढऱ्या, तप्त ताऱ्यांकडून सहसा क्ष-किरणांचे स्फोट होत नाहीत, पण या दोन्हींच्या जागी ते दिसत होते. गुन्हेगार म्हणजे शेजारचे लाल बटुतारे. त्यांचा प्रकाश प्रत्यक्ष वेगळा काढला तो अमेरिकेतल्या माउंट विल्सनवरच्या चारा या इंटरफेरोमीटरने, म्हणजे अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र जोडणाऱ्या यंत्रणेने. विकलेच्या शंभराव्या भागाहूनही लहान अंतरे त्याने वेगळी केली आणि २०२२ साली सहाही ताऱ्यांचा हिशेब एकत्र मांडला गेला. वस्तुमानाने मुख्य तारे सूर्याच्या २.३७ आणि १.७९ पट, त्यांचे सोबती प्रत्येकी सुमारे ०.३९ पट, आणि सीमधले दोघे प्रत्येकी ०.६ पट. वय सुमारे ३० कोटी वर्षे, म्हणजे आपल्या सूर्यापुढे अगदीच पोर.

ब्रॅडलीची समांतर रेषा आज पाहू गेल्यास मिळणार नाही. १७५९पासून ती जोडी तीन चतुर्थांश फेऱ्याहून थोडी अधिक फिरली आहे. मिथुन वर आलेली असताना छोट्या दुर्बिणीतून कॅस्टरकडे पाहावे आणि मग डोळा काढून वर पोलक्सकडे पाहावे: आतली रेषा बाहेरच्या रेषेला जवळजवळ काटकोनात आलेली दिसेल.