अठ्ठावन्नच्या आधी काम सुटलेल्यांची पेन्शन

बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीतला कामगार 52-53 व्या वर्षी कामावरून कमी होतो आणि पेन्शनची चौकशी करायला तुकडोजी पुतळा चौकातल्या भविष्य निधी कार्यालयात जातो, तेव्हा त्याला टेन-डी फॉर्म भरावा लागतो. त्यात कोणत्या प्रकारची पेन्शन हवी ते लिहायचं असतं. वय 58 झालं असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर बहुतेकांच्या वाट्याला ‘कमी दराची पेन्शन’, म्हणजे आधी घेतली म्हणून कापून मिळणारी पेन्शन, येते. कंपनीने काढलेला, तब्येत साथ देईना म्हणून घरी बसलेला आणि मनाने नोकरी सोडलेला, हे तिघंही एकाच रांगेत उभे राहतात. सरकारी नोकराच्या बाबतीत असं होत नाही. हा फरक जुना आहे आणि तो नागपुरातच फार जवळून बघता येतो.

गांधीसागराजवळ आज एम्प्रेस सिटी मॉल आहे, तिथे एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटांनी ती 1 जानेवारी 1877 रोजी सुरू केली. या गिरणीत 1886 मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड आला आणि 1895 मध्ये अपघात भरपाई. देशात अपघात भरपाईचा कायदा झाला 1923 मध्ये, म्हणजे गिरणी कायद्याच्या 28 वर्षं पुढे होती. नागपूरकरांना याचा अभिमान वाटतो आणि तो रास्तच आहे. पण ही सोय मालकाच्या चांगुलपणावर उभी होती. ती मिळाली नाही तर दाद मागायला कामगाराला जागा नव्हती.

त्याच काळात सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी नोकराची गोष्ट वेगळी होती. इंग्रजांच्या सेवा नियमांत पेन्शनचे चार प्रकार ठरलेले होते: वय झालं म्हणून, ठरावीक नोकरी पूर्ण झाली म्हणून, प्रकृतीने काम होत नाही म्हणून आणि पदच रद्द झालं म्हणून. शेवटचे दोन प्रकार म्हणजे आजचं रुग्णता निवृत्तिवेतन आणि भरपाई निवृत्तिवेतन. महाराष्ट्राच्या 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतही ते आले. विदर्भ-मराठवाड्यातल्या राज्य कर्मचाऱ्यांची पेन्शन प्रकरणं आजही सिव्हिल लाइन्समधल्या महालेखापाल कार्यालयात येतात. केंद्राने तर 2019 मध्ये रुग्णता निवृत्तिवेतनासाठीची 10 वर्षं सेवेची अटही काढून टाकली. माणूस आजारी पडला किंवा त्याचं पद गेलं, तर तो त्याचा दोष नाही, हे सरकारने स्वतःच्या नोकरांपुरतं शंभर वर्षांपूर्वीच मान्य केलं होतं.

गिरणी कामगाराला कायद्याचा पहिला आधार स्वातंत्र्यानंतर मिळाला. 1952 च्या भविष्य निधी कायद्यात सुरुवातीला सहाच उद्योग होते आणि कापड उद्योग त्यात होता. पण पीएफ म्हणजे एकरकमी पैसा. लेकीचं लग्न आणि डोक्यावरचं कर्ज यात तो किती टिकणार? महिन्याला हातात येणारं काहीच नव्हतं.

कपातीचं, म्हणजे मालकाने कामगार कमी करण्याचं, म्हणाल तर 1953 मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली. एका पूर्ण वर्षाच्या सेवेमागे 15 दिवसांचा सरासरी पगार, ही भरपाई तेव्हा ठरली. या दुरुस्तीत एक ओळ होती, तिच्याकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचं आहे. सततच्या आजारपणामुळे कामगाराला काढलं तर ती ‘कपात’ धरायची नाही, असं व्याख्येतच लिहिलं होतं. म्हणजे मंदी आली म्हणून काढलेल्याला भरपाई आणि खोकून खोकून काम होईनासं झालं म्हणून काढलेल्याला नाही. कापसाच्या धुळीत आयुष्य घालवलेल्या शहरात या ओळीचा अर्थ फार कठोर होता.

त्या खोकल्याचं नाव बिसिनोसिस. राज्य कामगार विमा कायद्याने, म्हणजे ईएसआयने, तो व्यवसायजन्य आजारांच्या यादीत घेतलेला आहे. ही योजना नागपुरात 1954 मध्ये आली. आजार कामामुळे झाल्याचं सिद्ध झालं तर कायमच्या अपंगत्वाचा लाभ आयुष्यभर मिळतो. साध्या आजारात मात्र वर्षाला 91 दिवस, पगाराच्या 70 टक्के. यादीतल्या मोठ्या आजारांसाठी मुदत दोन वर्षांपर्यंत वाढते. त्यापुढे ईएसआयचा आजारपणाचा पैसा थांबतो.

पेन्शन आली 1971 मध्ये, पण तीही कुटुंब निवृत्तिवेतन म्हणून, कामगार मेल्यानंतर घरच्यांना. जिवंत कामगाराला स्वतःची पेन्शन मिळायला 16 नोव्हेंबर 1995 उजाडावं लागलं. हीच ईपीएस-95, म्हणजे 1995 ची कर्मचारी पेन्शन योजना. मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के तिच्यात वळते होतात. हिशेब सोपा आहे: सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. निदान 10 वर्षं सेवा हवी. वयाच्या 50 व्या वर्षानंतर ती आधी घेता येते, पण 58 ला जितकी वर्षं कमी, तितकी कात्री. सुरुवातीला वर्षाला 3 टक्के होती, सप्टेंबर 2008 पासून 4 टक्के झाली.

सरासरी पगार 15,000 आणि सेवा 20 वर्षं धरली तर 58 ला पेन्शन बसते महिना 4,714 रुपये, कारण 20 वर्षं पूर्ण झाली की सेवेत 2 वर्षं वाढवून धरतात. तीच 54 व्या वर्षी घेतली तर जवळपास सहावा हिस्सा गेला, तोही जन्मभरासाठी. 58 पूर्ण झाली म्हणून ती परत वाढत नाही. आधी घेणारा जास्त वर्षं घेतो म्हणून कात्री, हे गणित मनाने सोडणाऱ्याला लावलं तर पटतं. कंपनीला कुलूप लागलेल्या माणसाने मात्र काहीच निवडलेलं नसतं.

ही कात्री लागत नाही ती कायम आणि पूर्ण अपंगत्वाला. योजनेचा परिच्छेद 15 सांगतो की नोकरीत असताना असं अपंगत्व आलं तर 10 वर्षांची अट नाही, एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरे. वैद्यकीय तपासणीत बघायचं काय, तर अपंगत्व आलं तेव्हा तो जे काम करत होता, त्या कामासाठी तो कायमचा आणि पूर्ण अपात्र झाला का. अंथरुणाला खिळायलाच हवं असं नाही. हे किती तरी कामगारांना ठाऊक नसतं. आणि ‘नोकरीत असताना’ हे शब्द तर सोन्याच्या मोलाचे आहेत. सुपरवायझर म्हणतो, आधी राजीनामा दे, मग बघू. सही केली की हा दावा कमकुवत होतो आणि हातात पुन्हा कमी दराची पेन्शनच राहते. कृपा करून, डॉक्टरांचे कागद हातात येईपर्यंत राजीनाम्यावर सही करू नका. ग्रॅच्युइटीचं कलमही असंच दयाळू आहे: अपंगत्वामुळे नोकरी गेली तर पाच वर्षांची अट लागत नाही.

एम्प्रेस मिल 1986 मध्ये सरकारकडे गेली आणि 2002 मध्ये बंद पडली. तिथल्या जुन्या कामगारांची ईपीएसमधली सेवा जेमतेम सात वर्षांची. त्याआधीच्या सेवेचा हिशेब वेगळ्या तक्त्याने व्हायचा. 1995 पूर्वी 20 वर्षांहून जास्त सेवा असली तरी त्या सगळ्या वर्षांचे मूळ धरले महिना 150 किंवा 170 रुपये, वयाप्रमाणे थोडे वाढवून. उमरेड, सावनेर, सिल्लेवाड्याच्या कोळसा कामगारांना 1998 पासून स्वतंत्र पेन्शन योजना आहे. शिवाय ‘मेडिकल अनफिट’ ठरल्यास घरातल्या एकाला नोकरीची तरतूद त्यांच्या वेतन करारात आहे. गिरणीवाल्यांकडे तसं काही नव्हतं.

आजारपण आणि कपात यांना एकाच पंक्तीला बसवणारी एक तरतूद एप्रिल 2005 मध्ये ईएसआयने आणली, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. कपात, कारखाना बंद पडणं किंवा कामाबाहेरच्या कारणाने आलेलं निदान 40 टक्के कायम अपंगत्व, यांपैकी कशानेही नोकरी गेली तर बेरोजगार भत्ता मिळतो, जास्तीत जास्त 24 महिने. 52 व्या वर्षी सुटलेल्याचे ते महिने 54 ला संपतात आणि पुढची चार वर्षं कशी काढायची म्हणून तो टेन-डी भरतो. किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपयांवर थांबली आहे आणि ती 7,500 करावी म्हणून विदर्भातूनच मोठं आंदोलन उभं राहिलं. त्या मागणीच्या जोडीला हीही मागणी हवी: कपातीत किंवा आजारपणात काम गेलेल्याच्या पेन्शनला 4 टक्क्यांची कात्री लावू नका.