उत्प्रेरक झिजत नाही, हे अर्धसत्य

गोव्यात फोंडा-म्हापशाच्या शिकवण्यांत बारावीची मुलं अजूनही पाठ करतात: उत्प्रेरक, म्हणजे रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, अभिक्रियेत भाग घेत नाही आणि खर्चही होत नाही. पहिली गोष्ट साफ चूक. दुसरी कागदावर खरी, कारखान्यात अपुरी.

प्रोपेन या इंधनवायूपासून प्रोपिलीन हा प्लॅस्टिकचा कच्चा माल कसा बनतो ते पाहा. मालिमच्या मासेमारी जेटीवर दिसणारे पॉलिप्रोपिलीनचे दोर प्रोपिलीनपासूनच बनतात. प्रोपेनमधून हायड्रोजन काढायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. अॅल्युमिनावर (अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडवर) बसवलेले प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण प्रोपेनला धरतात, त्याचे कार्बन-हायड्रोजन बंध तोडतात आणि प्रोपिलीन सोडून देतात. म्हणजे भाग पुरेपूर घेतात. पण एवढ्या उष्णतेत काही रेणू जास्तच तुटतात आणि त्यांचा कार्बन कोक (काजळीसारखा थर) होऊन उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर साचतो व त्याचं काम मंदावतं. कथिल मिसळलं की कोक कमी होतो, थांबत नाही. शिवाय प्लॅटिनमचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. क्लोरीनच्या साहाय्याने ते पुन्हा विखरावे लागतात. प्लॅटिनमऐवजी क्रोमियम ऑक्साइडचा उत्प्रेरक वापरला तर दर काही मिनिटांनी त्यावरचा कोक गरम हवेने जाळून तो स्वच्छ करतात, आणि त्या जळण्याची उष्णता पुढच्या फेरीला कामी येते.

याहून घातक समज मला हा वाटतो: उत्प्रेरक उत्तम असला की सगळ्या प्रोपेनचं प्रोपिलीन होईल. होत नाही. ही अभिक्रिया उलटही चालते, आणि समतोल कुठे येणार हे तापमान, दाब व मिश्रण ठरवतात. उत्प्रेरक तिथवर लवकर पोचवतो, पलीकडे नेत नाही. म्हणूनच उरलेला प्रोपेन वेगळा काढून पुन्हा रिअॅक्टरमध्ये सोडतात.