हज-आगमन, सहकुटुंब

हज-आगमन, सहकुटुंब : हज यात्रेसाठी नात्यातल्या माणसांसह मक्केच्या परिसरात दाखल होणे, तसेच त्यास लागू असणारे धर्मशास्त्रीय व प्रशासकीय नियम. हजचे मुख्य विधी जिल्हेज या इस्लामी वर्षाच्या शेवटच्या महिन्याच्या ८ ते १२ किंवा १३ तारखांना होतात. ९ तारखेचा अरफातच्या (मक्केजवळील मैदान) येथील मुक्काम चुकला तर त्या वर्षीचा हज होत नाही, म्हणून वेळेत पोहोचण्यास मोठे महत्त्व आहे. शास्त्राच्या दृष्टीने मात्र यात्रेकरू जेद्दाच्या धक्क्यावर किंवा विमानतळावर उतरण्याआधीच ‘आलेला’ असतो. मक्केभोवती दूरवर ठरवून दिलेल्या सीमास्थानांना मीकात म्हणतात. हजच्या किंवा उमऱ्याच्या (वर्षभरात केव्हाही करता येणारी छोटी यात्रा) उद्देशाने येणाऱ्याने इहराम (दीक्षावस्था) धारण केल्याशिवाय मीकात ओलांडायची नसते. ओलांडलीच तर मागे फिरून इहराम बांधावा लागतो, नाहीतर दम म्हणून जनावराची कुर्बानी द्यावी लागते.

मीकात : पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांच्या हदीसनुसार (पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद) पैगंबरांनी चार स्थाने नेमून दिली. मदीनेकडून येणाऱ्यांसाठी जुल-हुलैफा, शामकडून (सिरियाचा प्रदेश) येणाऱ्यांसाठी जुहफा, नज्दसाठी (मध्य अरबस्तान) कर्न अल्-मनाजिल व येमेनसाठी यलमलम. ही स्थाने त्या त्या प्रदेशातील लोकांसाठी आणि त्या वाटेने येणाऱ्या इतर सर्वांसाठी आहेत, असेही या हदीसमध्ये म्हटले आहे. त्यामुळे मीकात यात्रेकरूच्या मुलखावरून ठरत नाही, वाटेवरून ठरते. सर्वांत दूरचे जुल-हुलैफा मक्केपासून चारशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे, तर कर्न अल्-मनाजिल ८० किमी.च्या आसपास.

इराककडील पाचव्या स्थानाबद्दल, म्हणजे जात इर्कबद्दल, जुना मतभेद आहे. बुखारी यांच्या हदीस-संग्रहातील वृत्तांतानुसार बसरा व कूफा येथील लोकांनी खलिफा उमर यांच्याकडे तक्रार केली, की कर्न आमच्या वाटेपासून बाजूला पडते. तेव्हा तुमच्या वाटेवर त्याच्या समोर येणारी जागा पाहा, असे सांगून उमर यांनी जात इर्क ठरवले. दुसरे संग्राहक मुस्लिम यांच्या संग्रहात हेच स्थान पैगंबरांच्या नावावर येते, पण तेथे निवेदकाने स्वतःच आपल्याला तसे वाटते असा संशय नोंदवला आहे. अबू दाऊद व नसाई या संग्राहकांनी दिलेली, पैगंबरांच्या पत्नी आयशा यांची हदीस निःसंदिग्ध आहे, परंतु तिच्या सनदेवर (निवेदकांच्या साखळीवर) टीका झाली आहे. पैगंबरांच्या हयातीत इराक जिंकलाच नव्हता, हा आक्षेप निर्णायक मानता येत नाही. शामही तेव्हा जिंकला नव्हता, तरी जुहफा नेमले गेलेच. इमाम शाफिई यांचा कल हे स्थान उमर यांनी ठरवल्याचे मानण्याकडे आहे, तर हनफी व हनबली ग्रंथकार बहुधा ते पैगंबरांचे मानतात (शाफिई, हनफी, हनबली व मालिकी हे सुन्नी धर्मशास्त्राचे चार पंथ). उमर यांचा निर्णय योगायोगाने पैगंबरांच्या निर्णयाशी जुळला, असा समन्वयही काहींनी सुचवला आहे. पैगंबरांचा आदेश सर्वज्ञात असता तर बसरा-कूफ्याच्या लोकांना विचारण्याची गरज पडली नसती, हे लक्षात घेता उमरविषयक वृत्तांत अधिक ग्राह्य वाटतो.

या वादाचा भारतीय यात्रेकरूंशी जवळचा संबंध आहे, कारण ‘समोर येणारी जागा’ (मुहाझात) हे तत्त्व त्याच वृत्तांतातून आले. समुद्रात आणि आकाशात मीकातचे गाव लागत नाही, तिची समांतर रेषा तेवढी लागते. मुंबईहून निघालेली जहाजे एडनवरून तांबड्या समुद्रात शिरत. यलमलम समांतर आले की भोंगा वाजे आणि डेकवरचे पुरुष शिवलेले कपडे उतरवून दोन पांढरी वस्त्रे परिधान करीत. खुद्द यलमलम म्हणजे डोंगर की दरी, याविषयी एकमत नाही. मक्केच्या दक्षिणेस सुमारे १०० किमी.वरील सादिया हे जुन्या वाटेवरचे ठिकाण रूढ होते. किनाऱ्याने जिझानकडे जाणारा नवा महामार्ग झाल्यावर त्याच दरीत पश्चिमेला नवी मशीद बांधण्यात आली.

जेद्दाला पोहोचल्यावर इहराम बांधला तर चालेल काय, हा प्रश्न सोळाव्या शतकापासून तरी चर्चेत आहे. मक्केत राहणारे शाफिई पंडित इब्न हजर अल्-हैतमी यांनी येमेनकडून समुद्रमार्गे येणाऱ्यास जेद्दापर्यंत थांबण्याची मुभा दिली. जेद्दा आणि यलमलम ही दोन्ही मक्केपासून सारख्याच अंतरावर, म्हणजे दोन मजलांवर आहेत, हा त्यांचा आधार होता. यलमलम प्रत्यक्षात अधिक दूर आहे, असे सांगून शाफिई पंथातीलच इतरांनी ते खोडले. विसाव्या शतकात जहाजाने येणाऱ्यांबाबत मुफ्ती मुहम्मद शफी यांनी जेद्दाच्या बाजूने मत दिले, तर विमानाने येणाऱ्यांबाबत कतारचे अब्दुल्ला बिन झैद आल महमूद यांनी. १९८६ मध्ये अम्मान येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह (धर्मशास्त्र) अकादमीने मात्र हवाई व सागरी प्रवाशांनी मीकातवर किंवा तिच्या समांतर रेषेवरच इहराम बांधावा, असा ठराव केला. विमान मीकातच्या माथ्यावरूनच जात असल्याने त्याच्या बाबतीत अकादमीचे मत बळकट दिसते. जहाज किनाऱ्याकडे वळत नाही तोवर मीकात ओलांडतच नाही, म्हणून त्याचा प्रश्न वेगळा होता.

या निर्णयांचा परिणाम कुटुंबाच्या सामानापर्यंत पोहोचतो. ज्यांचे विमान आधी मदीनेला जाते, त्यांना घरच्या कपड्यांत प्रवास करता येतो. मदीनेतील मुक्काम संपवून मक्केकडे निघताना ते जुल-हुलैफा (आजचे अब्यार अली) येथे इहराम बांधतात. थेट जेद्दाला जाणाऱ्यांनी इहरामची वस्त्रे विमानतळावरच नेसून घ्यायची असतात. ती मोठ्या बॅगेत राहिली तर ऐनवेळी हाती लागत नाहीत. स्त्रियांना वेगळी वस्त्रे लागत नाहीत, त्यांचा नेहमीचा पोशाख चालतो. चेहऱ्याला टेकणारा नकाब मात्र इहरामात वर्ज्य आहे. भारतीय यात्रेकरू बहुधा तमत्तो पद्धतीने हज करतात, म्हणजे आल्यावर उमरा करून इहराम सोडतात आणि ८ जिल्हेजला मक्केतूनच पुन्हा बांधतात.

पैगंबरांच्या यात्रेतील कुटुंब : सहकुटुंब येण्याचे अनेक नियम इ.स. ६३२ मधील पैगंबरांच्या अखेरच्या हजमधील घटनांवरून निघाले आहेत. त्या यात्रेत त्यांच्या पत्नी बरोबर होत्या. अबू बक्र यांच्या पत्नी अस्मा बिन्त उमैस या जुल-हुलैफा येथेच बाळंत झाल्या. स्नान करून इहराम बांध, असे त्यांना सांगण्यात आले. बाळंतीण वा रजस्वला स्त्रीला मीकातवर थांबून राहावे लागत नाही, तवाफ (काबेची प्रदक्षिणा) तेवढा शुद्धीनंतर करायचा, हा नियम त्यावरून आला. आयशा यांनाही वाटेत सरिफ येथे मासिक पाळीची अडचण आली. हजनंतर त्यांचे बंधू अब्दुर्रहमान त्यांना मक्केच्या पवित्र हद्दीबाहेरील तनईमपर्यंत घेऊन गेले व तेथून इहराम बांधून त्यांनी उमरा पुरा केला. आजही मक्केत मुक्कामी असलेली कुटुंबे उमऱ्यासाठी याच तनईमला जातात.

महरम : पती, किंवा ज्याच्याशी विवाह कायमचा निषिद्ध आहे असा पुरुष नातेवाईक (बाप, मुलगा, भाऊ, चुलता, मामा, पुतण्या, भाचा, सासरा, जावई, दूधभाऊ). घरात ज्याला कुटुंब म्हणतात आणि फिक्ह ज्याला मानते, त्यांत येथे अंतर पडते. एकत्र कुटुंबात दिराबरोबर निघालेली भावजय किंवा मेहुण्याबरोबर निघालेली मेहुणी घरच्यांच्या दृष्टीने आपल्याच माणसांत असते, पण शास्त्राच्या दृष्टीने तिच्यासोबत महरम नसतो. चुलत, मामे, आते व मावस भाऊही महरम नव्हेत.

स्त्रीने महरमविना प्रवास करू नये, या अर्थाच्या हदीस प्रसिद्ध आहेत. त्यांतील एकीत मोहिमेवर निघालेला एक पुरुष सांगतो, की माझी पत्नी हजला निघाली आहे. त्यावर पैगंबर त्याला पत्नीबरोबर हजला जाण्यास सांगतात. या आधारावर हनफी व हनबली पंथ महरम आवश्यक मानतात. हनफींच्या मते ही अट तीन दिवसांच्या किंवा त्याहून लांबच्या प्रवासाला लागू होते. अट नेमकी कशाची, यावर हनफींमध्ये दुमत आहे. ती हज फर्ज (बंधनकारक) होण्याचीच अट मानली, तर महरम नसलेल्या स्त्रीवर काहीच बंधन उरत नाही. ती केवळ प्रत्यक्ष जाण्याची अट मानली, तर तिने आपल्यामागे बदली हज करवून घेण्याची वसीयत करणे भाग पडते. शाफिई व मालिकी पंथांत विश्वासू स्त्रियांच्या सोबतीने फर्ज हजला जाता येते. महाराष्ट्रात हे दोन्ही प्रवाह शेजारी नांदतात. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफिई आहेत, तर देशावरचे व मराठवाड्यातले बहुतेक हनफी. त्यामुळे एकाच प्रश्नाला रत्नागिरीत व औरंगाबादेत (छत्रपती संभाजीनगर) वेगळे उत्तर मिळू शकते, आणि ती दोन्ही उत्तरे आपापल्या पंथात प्रमाण असतात.

सौदी अरेबियाने दीर्घकाळ ४५ वर्षांखालील स्त्रीला महरमची सक्ती ठेवली होती. त्यावरील वयाच्या स्त्रियांना गटाने येता येई. २०२१ मध्ये देशांतर्गत यात्रेकरूंसाठी व पुढच्या वर्षी सर्वच देशांतील स्त्रियांसाठी ही अट सैल करण्यात आली. भारताने २०१८ च्या हजपासून ४५ वर्षांवरील स्त्रियांना चार किंवा अधिक जणींच्या गटाने महरमविना अर्ज करू दिला. ज्यांचा पंथ अनुमती देतो त्यांच्यासाठी, अशी मर्यादा त्यात घातली होती. २०२३ मध्ये या वर्गातून चार हजारांहून अधिक भारतीय स्त्रिया गेल्या.

मुले : एका स्त्रीने आपले मूल उचलून ‘याचा हज होतो का’ असे विचारले असता पैगंबरांनी ‘होय, आणि पुण्य तुला’ असे उत्तर दिल्याची हदीस मुस्लिम यांच्या संग्रहात आहे. अजाण मुलाच्या वतीने पालक नियत (संकल्प) करतो, त्याला कडेवर घेऊन तवाफ करतो व जमरातवर (सैतानाचे प्रतीक मानलेले स्तंभ) खडे मारतो. मात्र वयात आल्यावर व ऐपत असल्यास त्या मुलावर हज पुन्हा फर्ज होतो. अलीकडे गर्दी व उष्णता यांमुळे धोरण बदलले. २०२५ च्या हजसाठी सौदी शासनाने मुलांना बरोबर आणण्यास मनाई केली आणि भारतीय हज समितीने बारा वर्षांखालील मुलांचे अर्ज बाद ठरवले.

जेद्दा व भारतीय कुटुंबे : जेद्दाला मक्केचे बंदर करण्याचे श्रेय परंपरेने खलिफा उस्मान यांना देतात (सु. ६४७). त्यापूर्वी दक्षिणेकडील शुऐबा वापरात होते. मोगल काळात भारतातून सुरतमार्गे प्रवास होई. कुटुंबासह आगमनाचे सर्वांत ठळक उदाहरण अकबराची आत्या गुलबदन बेगम हिचे. तिच्याबरोबर अकबराची पत्नी सलीमा सुलतान बेगम, अकबराचा चुलता कामरान याच्या मुली व गुलबदनची नात होती. मंडळी ऑक्टोबर १५७५ मध्ये फत्तेपूर सिक्रीहून निघाली. पोर्तुगीज परवान्याच्या अडचणीने ती सुरतेस अडकली आणि ऑक्टोबर १५७६ मध्ये जहाजावर चढली. मोगल इतिहासकार त्यांचा मुक्काम साडेतीन वर्षांचा व हज चार असल्याचे सांगतात. हिजरी पंचांगानुसार १५७७ च्या फेब्रुवारी-मार्चपासून १५८० च्या जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चार जिल्हेज येतात, म्हणजे ही संख्या कालगणनेत बसते. याच सुमारास ऑटोमन सुलतान मुराद तिसरा याने शाही स्त्रियांना परत पाठवण्याचे हुकूम मक्केस धाडले. इतक्या मोठ्या परिवाराच्या मुक्कामाचा स्थानिक व्यवस्थेवर पडलेला ताण हे एक कारण असावे, राजकीय स्पर्धा हे दुसरे. परतताना एडनजवळ जहाज फुटले आणि १५८२ मध्ये त्या घरी पोहोचल्या.

भोपाळची नवाब सिकंदर बेगम १८६४ मध्ये आई कुदसिया बेगम हिच्यासह मुंबईमार्गे जेद्दाला उतरली. तेथील जकात अधिकाऱ्यांनी सामानाची केलेली उलथापालथ तिने कडक शब्दांत लिहून ठेवली आहे. सामान्य कुटुंबांच्या अशा नोंदी फार थोड्या आहेत. जेद्दात प्रवाळखडकांमुळे मोठी जहाजे दूर नांगर टाकीत व माणसे पडावांतून किनाऱ्याला येत. धक्क्यावर यात्रेकरूने आपल्या मुतव्विफाचे (मुअल्लिमाचे, म्हणजे यात्रेकरूंची व्यवस्था पाहणाऱ्या मार्गदर्शकाचे) नाव सांगायचे, मग त्याचा जेद्दातील वकील (प्रतिनिधी) सगळ्या कुटुंबाला ताब्यात घेऊन घरात उतरवी व पुढे मक्केस रवाना करी. हा व्यवसाय वंशपरंपरेने चाले, त्यामुळे आजा, बाप व नातू एकाच मुतव्विफ घराण्याकडे उतरल्याची उदाहरणे होती.

१८६५ च्या मक्केतील पटकीनंतर आंतरराष्ट्रीय आरोग्यनियम कडक झाले. १८८२ पासून भारतीय जहाजांना तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर क्वारंटाईनसाठी थांबावे लागे. १८९७ मध्ये प्लेगमुळे मुंबईहून हज प्रवासच बंद ठेवण्यात आला. मुंबईची जहाजवाहतूक प्रामुख्याने मोगल लाइनकडे होती. ती १९९५ च्या सुमारास थांबली आणि यात्रा पूर्णपणे विमानाची झाली.

जेद्दा विमानतळावरील हज टर्मिनल १९८१ मध्ये सुरू झाले. त्याच्या रचनेत ढाक्यात शिकलेले अभियंता फझलुर रहमान खान यांचा मोठा वाटा होता. टेफ्लॉनचा थर दिलेल्या काचतंतूच्या कापडाचे २१० तंबू पोलादी खांबांवर ताणलेले असून बाजू उघड्या आहेत. बसची वाट पाहत तासन्‌तास थांबणाऱ्या, म्हाताऱ्यांना व लेकरांना घेऊन बसलेल्या कुटुंबांना सावली व वारा मिळावा, हा त्यामागचा विचार आहे. १९८३ मध्ये या वास्तूला आगाखान पुरस्कार मिळाला.

भारतात हज समितीच्या अर्जाला ‘कव्हर’ म्हणतात. एका कव्हरात जास्तीत जास्त पाच प्रौढ असू शकतात आणि त्यांच्यातील एक जण कव्हर-प्रमुख असतो. सोडतीत सगळे कव्हर एकत्र लागते किंवा एकत्रच राहते, म्हणून कोणाला आपल्या कव्हरात घ्यायचे हा निर्णय घरात विचारपूर्वक होतो. मोठ्या कुटुंबांना दोन कव्हरे करावी लागतात आणि एक लागून दुसरे राहण्याचा संभव असतो. महाराष्ट्रातून मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर ही प्रस्थानस्थळे राहिली आहेत.